प्लॅस्टिकच्या छोट्या गाडीचे इंजिन: जोडणी, रंग आणि तारा

प्लॅस्टिकच्या मोटारगाडीचे किट जोडणारे बहुतेक हौशी लोक इंजिनाचे तुकडे एका बैठकीत चिकटवतात, वरून एकच चंदेरी रंग फिरवतात आणि बॉडीच्या चकाकीकडे वळतात. पुढे बॉडीला कितीही सुबक रंग बसला, तरी बॉनेट उचलल्यावर आत चंदेरी गोळा दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते. वास्तविक संपूर्ण गाडीत सर्वांत जास्त पाहण्यासारखे काम इंजिनातच असते आणि त्यासाठी महागडे सुटे भाग विकत घ्यावे लागतात असेही नाही. इंजिन खरे वाटण्यासाठी दोन अटी पुरतात, असे माझे मत आहे. पहिली अट अशी की प्रत्येक भाग ज्या पदार्थाचा असतो त्या पदार्थासारखा दिसला पाहिजे, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) बिडासारखे, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमसारखे आणि रबर रबरासारखे. दुसरी अट अशी की प्रत्येक तार आणि प्रत्येक नळी कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचली पाहिजे. पुढचे सर्व टप्पे या दोन अटी डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहेत आणि उदाहरणासाठी १/२४ किंवा १/२५ प्रमाणातील अमेरिकन व्ही-८, म्हणजे चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन घेतले आहे, कारण या प्रमाणात हेच इंजिन सर्वाधिक किटमध्ये सापडते.

किट निवडताना

अमेरिकन गाड्यांची किटे बहुधा १/२५ प्रमाणात आणि जपानी गाड्यांची १/२४ प्रमाणात असतात. दोन्हींतला फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण एका प्रमाणातले इंजिन दुसऱ्या प्रमाणातल्या गाडीत बसवायचे ठरवले तर तो फरक आडवा येतो. ऑनलाइन मागवताना एक गोष्ट आवर्जून तपासावी. अनेक जपानी किटांमध्ये इंजिन मुळीच नसते. बॉनेट बॉडीसोबतच ओतलेले असते आणि खालून पाहिल्यास तेलाच्या चेंबरचा व गिअर बॉक्सचा तेवढा उठाव दिसतो. म्हणून खोक्यावरच्या रंगीत चित्रावर विसंबून न राहता आतल्या तुकड्यांच्या चौकटींचे किंवा सूचनापत्रकाचे छायाचित्र शोधून ब्लॉकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाचे, दोन अर्धे भाग त्यात दिसतात का, हे पाहावे.

खरे इंजिन आधी पाहावे

किट हाती आल्यावर कटर उचलण्यापूर्वी ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटखाली नीट पाहून घ्यावे. त्यातही गाडी निवडून पाहावी लागते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी गॅरेजसमोर उभी असणारी बहुतेक वाहने जीप, बोलेरो किंवा मालवाहू टेम्पो या वर्गातली, म्हणजे डिझेलची असतात. त्यांना स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे प्लगच्या तारांऐवजी इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या दिसतात. नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी गुंडाळी, बसवलेली असते, म्हणून तिथेही लांब तारा दिसत नाहीत. जुनी पेट्रोल ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी कुठे उभी असेल, तर तिच्यात डिस्ट्रिब्युटर (ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवणारा भाग), कॉइल आणि तारांचा सगळा संसार उघड्यावर पाहायला मिळतो. ती इंजिने चार सिलिंडरची असली आणि आपले किट आठ सिलिंडरचे असले, तरी तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून कशी बाहेर येते, वळताना तिचा बाक किती मोठा राहतो आणि प्लगवरची रबरी टोपी तारेच्या मानाने किती जाड असते, हे सर्व तिथे जवळून कळते.

मिस्त्रीला विचारताना त्याचेच शब्द वापरले की काम सोपे होते. इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण म्हणजे टॅपेट कव्हर, खालचे तेलाचे भांडे म्हणजे चेंबर, गाडी चालू करणारी मोटर म्हणजे सेल्फ, दोन भागांमधला कागदी किंवा कॉर्कचा थर म्हणजे पॅकिंग, आणि होज पाईप आवळणारी पट्टी म्हणजे क्लिप. मोबाईलवर छायाचित्रे घेताना इंजिनाचा केवळ दर्शनी भाग न घेता फायरवॉलकडची, म्हणजे इंजिन आणि चालकाच्या कप्प्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडची बाजूही घ्यावी, कारण निम्म्या तारा आणि नळ्या त्या भिंतीतून आत जातात.

साहित्याची जुळवाजुळव

किटसाठी लागणारे खास साहित्य छत्रपती संभाजीनगरातही सहज मिळेल याची खात्री नसते, आणि नांदेड, लातूर किंवा परभणीत तर ते बहुधा मागवावेच लागते. प्लॅस्टिक वितळवून जोडणारे पातळ सिमेंट, बारीक कात्री, धारदार ब्लेडची सुरी आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ड्रिल पकडणारा हातड्रिल एवढ्या वस्तू मागवाव्यात. रंग आणि थिनर ज्वलनशील असल्याने ते पाठवण्यावर कुरिअरची बंधने असतात, म्हणून काम सुरू करण्याआधीच त्यांची सोय करून ठेवलेली बरी.

उरलेले बरेच साहित्य गावातच मिळते. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचा वॉटर पेपर मिळतो आणि आपल्याला त्यातले ४००, ६००, १००० हे तीन पुरतात. तिथेच एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी आणि एनसी थिनरही मिळतो. मात्र हा थिनर प्लॅस्टिक विरघळवतो, म्हणून तो मिसळलेला कोणताही रंग तुकड्यावर ओला थापू नये. आधी टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर चाचणी घ्यावी, आणि तरीही पातळ, जवळजवळ कोरडे वाटणारे फवारे एकावर एक द्यावेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर एक बाटली आणून ठेवावे. आपल्याकडच्या बोअरचे जड पाणी रंग पातळ करण्यासाठी किंवा डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) भिजवण्यासाठी वापरले, तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग उमटतात.

तारेसाठी मोटर रिवायंडिंगच्या दुकानाएवढी सोयीची जागा दुसरी नाही. विहिरी आणि बोअरच्या पंपांमुळे असे दुकान आपल्याकडे प्रत्येक बाजारपेठेत असते. मागताना इनॅमलची तांब्याची तार मागावी. पाणबुडी मोटरच्या तारेवर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते, ती या कामाला चालत नाही. खऱ्या गाडीत प्लगची तार सात ते आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १/२४ प्रमाणात ती सुमारे ०.३ मिलिमीटर झाली पाहिजे. ३० गेजची तार ०.३१ मिलिमीटरची असते, ती नेमकी बसते. ३२ गेजची तार ०.२७ मिलिमीटरची असून १/२५ साठी तीही चालते. अनेकांच्या मॉडेलमधल्या तारा पाहताक्षणी खोट्या वाटतात, त्याचे कारण रंग नसून जाडी असते. अर्ध्या मिलिमीटरची तार २४ पट केली, तर ती बारा मिलिमीटरची, म्हणजे करंगळीएवढी दिसते.

तुकडे सोडवणे आणि साफ करणे

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोल्डिंगच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकांना इथे वेगळे शिकवण्याची गरज नाही. ज्या चौकटीला तुकडे जोडलेले असतात तो स्प्रू आणि रनर, तुकडा जिथे जोडलेला असतो तो गेट, साच्याचे दोन अर्धे मिळतात तिथली बारीक उभी रेघ म्हणजे पार्टिंग लाईन, आणि तुकडा साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे, या चारही खुणा खऱ्या इंजिनावर नसतात. त्या काढणे हेच साफसफाईचे काम आहे.

सर्व चौकटी कोमट पाण्यात भांडी घासण्याचे द्रव टाकून धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ राहिला, तर रंग धरत नाही. गेट कापताना तुकड्याला लागून कापू नये. एक मिलिमीटर सोडून कापावे, मग उरलेला खुंट सुरीने तासून ६०० च्या कागदाने सपाट करावा. पार्टिंग लाईन काढताना सुरीची धार आडवी धरून खरवडल्यास बारीक कामही बिघडत नाही. पंख्याची पाती, डिस्ट्रिब्युटर आणि होज पाईप यांवर ही रेघ हमखास असते आणि हमखास दुर्लक्षिली जाते.

खरे जोड आणि खोटे जोड

व्ही-८ किटमध्ये ब्लॉक आणि गिअर बॉक्स मिळून एक डावा आणि एक उजवा असे दोन अर्धे भाग असतात. ते चिकटवल्यावर चेंबरच्या तळापासून गिअर बॉक्सच्या पाठीपर्यंत मधोमध एक सांधा उरतो. खऱ्या इंजिनात ब्लॉक अखंड ओतलेला असतो, त्यामुळे हा सांधा पूर्णपणे खोटा आहे आणि तो पुट्टीने भरून घासून नाहीसा केला पाहिजे. पण ब्लॉक आणि चेंबर यांमधली रेघ, हेड (सिलिंडरांवरचा माथा) आणि ब्लॉक यांमधली रेघ, इंजिन आणि बेल हाउसिंग (गिअर बॉक्सचा इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) यांमधली रेघ हे खरे जोड आहेत. तिथे पॅकिंग असते आणि बोल्ट असतात. उत्साहाच्या भरात सगळेच सांधे पुट्टीने भरले, तर इंजिन गुळगुळीत ठोकळा होते. हे खरे जोड उलट सुरीच्या पाठीने हलकेच खोल करावेत, म्हणजे पुढे त्यांत काळपट रंग उतरून ते उठून दिसतात.

चिकटवण्यापूर्वी सगळे भाग टेपने तात्पुरते जोडून पाहावेत. इथे केवळ इंजिन जुळते का एवढे पाहून थांबू नये. ते चासीमधल्या टेकूंवर बसवावे, फायरवॉल आणि रेडिएटर जागेवर धरावेत, वर बॉडी ठेवावी आणि बॉनेट बंद करून पाहावे. एअर क्लीनर बॉनेटला अडत असेल, तर त्याची उंची आताच कमी करावी. रंग दिल्यावर हे लक्षात आले, की सगळा क्रम उलटा फिरवावा लागतो.

पातळ सिमेंट वापरताना दोन्ही अर्धे आधी घट्ट धरावेत आणि ब्रशचे टोक सांध्याला फक्त टेकवावे, द्रव आपोआप आत ओढला जातो. काही क्षणांनी हलके दाबल्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक कड सांध्यातून वर येतो. तो पुसू नये. दुसऱ्या दिवशी कागदाने घासला की सांधा पुट्टीशिवायच बुजतो. तरी खाच राहिलीच, तर चौकटीचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून केलेली घट्ट लापशी त्यात भरावी, कारण ती मूळ प्लॅस्टिकसारखीच घासली जाते. फेविक्विकचा वापर धातू आणि प्लॅस्टिक जोडण्यापुरताच ठेवावा, त्याच्या वाफेने क्रोम आणि पारदर्शक भागांवर पांढुरका थर बसतो.

हवामान आणि प्रायमर

रंगाच्या बाबतीत मराठवाड्याच्या हवेशी जुळवून घ्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना फवारलेला ॲक्रिलिक रंग तुकड्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यात फवारणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी, अंतर कमी ठेवावे आणि रंगात सुकणे लांबवणारा रिटार्डर थोडा मिसळावा. पावसाळ्यात उलट अडचण येते. हवा दमट असताना लॅकर फवारला की थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि रंग पांढुरका पडतो. झड लागलेल्या दिवसांत फवारणी पुढे ढकलून तारा आणि बोल्टचे काम करावे. धुळीसाठी साधा उपाय म्हणजे ओला तुकडा लगेच स्टीलच्या डब्याखाली झाकून ठेवणे. थिनर असलेला कोणताही रंग खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा. कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही, त्यासाठी कार्बनचा फिल्टर असलेला मास्क लागतो.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, करडा आणि पातळ द्यावा. त्याचा खरा उपयोग उरलेल्या त्रुटी दाखवणे हा आहे. खोटा सांधा अजून दिसत असेल, तर तो प्रायमरखाली लपत नाही, अधिकच स्पष्ट होतो.

रंग: कशाला कोणता

खऱ्या कारखान्यात इंजिनाचे बरेच भाग आधी जोडले जात आणि मग सगळ्यांवर एकच रंग मारला जात असे. म्हणून ब्लॉक, हेड, चेंबर, पुढचे टायमिंग कव्हर आणि बिडाचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग) एकत्र जोडून एकाच रंगाने फवारावेत. शेव्हरोलेटचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ च्या गाड्यांपासून आले आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचा ठरलेला रंग नारिंगी राहिला. फोर्डने १९६६ पासून निळा रंग सरसकट लावायला सुरुवात केली. क्रायसलरच्या ४२६ हेमी या व्ही-८ इंजिनाचा नारिंगी शेव्हरोलेटच्या नारिंगीहून वेगळा आहे. सूचनापत्रकातला रंग आपल्या गाडीच्या वर्षाशी जुळतो का, हे पाहूनच पुढे जावे.

बाकी सर्व भाग वेगळे रंगवून नंतर बसवावेत. चंदेरी रंगाची एकच बाटली पुरत नाही, हा या टप्प्यातला मुख्य मुद्दा आहे. गिअर बॉक्सचे ओतीव ॲल्युमिनियम फिकट आणि मंद असते, म्हणून चंदेरीत थोडा करडा मिसळावा. सेल्फची बॉडी काळी, पण तिचे तोंड ॲल्युमिनियमचे. अल्टरनेटरची बॉडी फिकट ॲल्युमिनियमची आणि पुली पोलादी. कार्बुरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा असून त्यावर पिवळसर झाक असते, ती चंदेरी रंगावर पारदर्शक पिवळ्याचा अगदी पातळ हात दिल्यावर हुबेहूब येते. पुलीच्या कडा काळ्या असल्या, तरी पट्टा जिथे घासतो ती खाच उघड्या धातूसारखी चकाकते. पट्टा स्वतः गडद करडा ठेवावा. निव्वळ काळा रंग या छोट्या प्रमाणात भोकासारखा दिसतो, म्हणून होज पाईप, पट्टे आणि तारा यांपैकी कशालाही तो लावू नये.

धूर बाहेर नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचे असते आणि त्याच्यावरचा रंग उष्णतेने जळून जातो. त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त युक्ती अशी: मॅट काळ्या रंगावर तपकिरी पातळ हात द्यावा आणि सुकल्यावर ६बी पेन्सिलीचे शिसे घासून केलेली पूड बोटाने चोळावी. उठावाच्या भागांवर शिशाची चमक येते आणि खोलगट भागात गंज राहतो, अगदी जुन्या बिडासारखा. त्याऐवजी पोलादी नळ्यांचे हेडर असतील, तर उष्णतेच्या रंगांचा क्रम चुकवू नये. हेडला लागून, जिथे नळी सर्वाधिक तापते, तिथे निळा, मग जांभळा, मग तपकिरी आणि शेवटी गवती पिवळा. उलट क्रमाने दिलेले रंग वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतात.

टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर किटमध्ये क्रोमचे येतात. ते क्रोम आरशासारखे चकाकते आणि गेट कापलेल्या जागी पांढरा डाग सोडते. ते नको असल्यास तुकडे कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये बुडवावेत, म्हणजे क्रोमचा थर उतरतो. मग स्वच्छ धुऊन नव्याने रंगवावेत. ब्लीचच्या त्या भांड्यात संडास साफ करण्याचे ॲसिड चुकूनही जाऊ देऊ नये, कारण दोहोंच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंग पूर्ण सुकल्यावर सांध्यांत आणि बोल्टांभोवती सावली भरावी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा चित्रकलेचा काळा आणि तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून बारीक ब्रशने सांध्याला टेकवावा, तो आपोआप पसरतो. जास्तीचा रंग टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या इअरबडने वरून खाली टिपून घ्यावा. खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. खाली इनॅमल रंग असेल तर मध्ये ॲक्रिलिक वार्निशचा हात द्यावा.

तारा

आता सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोल देणारे काम. किटमधला डिस्ट्रिब्युटर तीन-चार मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या टोपीवर मधोमध एक आणि कडेने आठ अशी नऊ छिद्रे ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडायची आहेत. आधी शिवणकामाच्या सुईने नऊ ठिकाणी टोचून खुणा कराव्यात. आठ खुणा समान अंतरावर याव्यात म्हणून प्रथम समोरासमोरच्या चार टोचाव्यात आणि नंतर त्यांच्या मधल्या चार. ड्रिल दाबायचे नसते. बोटांनी हळू फिरवत, दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून भुकटी झटकावी. इतके बारीक ड्रिल तिरके झाले की तडकन तुटते आणि तुटलेला तुकडा आतच अडकतो. टोपी फारच लहान असेल, तर ती कापून त्या जागी बारीक नळीचा तुकडा बसवावा आणि नऊ तारांची जुडी त्यात घालून चिकटवावी. जुडी वरून पाहिल्यावर टोपीसारखीच दिसते.

तार कोणत्या छिद्रातून कोणत्या सिलिंडरकडे जाते, याला ठरलेला क्रम आहे. शेव्हरोलेट स्मॉल ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलजवळ असतो. चालकाच्या जागी बसून पाहिल्यास डाव्या रांगेत पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८ असे सिलिंडर असतात. समोरच्या बाजूचे एक छिद्र पहिल्या सिलिंडरचे मानून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने तारा जोडत जाव्यात. फोर्डच्या २८९ आणि ३०२ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, उजव्या रांगेत १ ते ४ आणि डाव्या रांगेत ५ ते ८ असे क्रमांक असतात, आणि क्रम १-५-४-२-६-३-७-८ असून तो काट्यांच्या उलट दिशेने मोजायचा असतो. एवढे कोण पाहणार, असे म्हणता येईल. पण क्रम पाळल्यावर टोपीजवळ तारा एकमेकींना ओलांडून दोन्ही बाजूंना जातात, आणि तो खऱ्या इंजिनातला गुंता क्रम न पाळता कधीच जमत नाही. सरळ सोयीने चार डावीकडे आणि चार उजवीकडे नेलेल्या तारा केस विंचरल्यासारख्या दिसतात.

प्लग कुठे आहेत हेही इंजिनानुसार बदलते. शेव्हरोलेट आणि फोर्डमध्ये ते हेडच्या बाहेरच्या अंगाला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ असतात. ४२६ हेमीमध्ये ते टॅपेट कव्हरच्या मधोमध असलेल्या भोकांतून आत उतरतात. फोर्डच्या तारा टॅपेट कव्हरवरून जातात, तर कारखान्यातून आलेल्या अनेक शेव्हरोलेट इंजिनांत त्या मागून खाली उतरून मॅनिफोल्डखालून वर येतात. आपल्या गाडीचे छायाचित्र समोर ठेवून मार्ग ठरवावा आणि मगच हेडमध्ये ०.४ मिलिमीटरची छिद्रे पाडावीत.

प्रत्येक तार लागते त्यापेक्षा वीस मिलिमीटर जास्त कापावी. आधी सगळ्या तारा गडद करड्या किंवा हव्या त्या रंगाने रंगवून सुकवाव्यात. तारेचे एक टोक फेविक्विकमध्ये जरासे टेकवून टोपीच्या छिद्रात दोन मिलिमीटर खोल बसवावे आणि नऊही तारा उभ्या ठेवून पूर्ण सुकू द्याव्यात. डिस्ट्रिब्युटर इंजिनावर बसवल्यानंतर मागच्या तारांपासून सुरुवात करून एकेक तार चिमट्याने वाकवत आपापल्या प्लगपर्यंत न्यावी, तिथे मापून कापावी आणि बसवावी. वाकवताना तीक्ष्ण कोपरा होऊ देऊ नये. खरी प्लगची तार जाड रबराची असल्याने ती मोठ्या गोलाईनेच वळते. प्लगवरची रबरी टोपी दाखवण्यासाठी तारेच्या टोकाला फेविकॉलचा बारीक थेंब लावावा, तो सुकताना आकसून तारेभोवती लांबट गाठ तयार होते. तिला मॅट काळपट रंग द्यावा.

मधल्या छिद्रातली तार कॉइलच्या तोंडाला जोडावी. किटमध्ये कॉइल नसेल, तर सुमारे सव्वादोन मिलिमीटर व्यासाचा आणि पाच मिलिमीटर लांबीचा चौकटीचा तुकडा पुरतो.

नळ्या, क्लिपा आणि बोल्ट

हीटरच्या होजसाठी लॅन केबलमधली आवरणासकट एकेरी तार घ्यावी. ती साधारण ०.९ मिलिमीटरची, म्हणजे १/२४ प्रमाणात बावीस मिलिमीटरची होते आणि तांबे आत अखंड असल्याने वाकवली तशी राहते. मात्र ती भिंतीत टाकायच्या केबलची असावी, संगणकाला जोडायच्या लवचीक केबलमध्ये बारीक धाग्यांची तार असते. रेडिएटरचा जाड होज किटमधलाच ठेवावा, फक्त त्याच्या दोन्ही टोकांना क्लिपा द्याव्यात. चिकट पाठ असलेल्या ॲल्युमिनियम टेपची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी पोलादी पट्टीच्या आधाराने कापून होजभोवती एक वेढा द्यावा आणि जिथे टोके मिळतात तिथे फेविक्विकच्या टिंबाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कण स्क्रू म्हणून ठेवावा.

बोल्टची डोकी हवी असल्यास चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत तापवावा आणि मऊ होताच दोन्ही हातांनी ओढावा. त्यातून केसाइतका बारीक धागा मिळतो. त्याच्या चकत्या कापून टॅपेट कव्हरच्या कडेला चिकटवल्या, की त्या बोल्टसारख्या दिसतात. प्रत्येक बोल्टच्या मागे लागू नये. चेंबरचे बोल्ट गाडी उलटी केल्याशिवाय दिसत नाहीत.

तेल आणि धूळ

वापरलेले इंजिन दाखवायचे असेल, तर तेल कुठून गळते ते आठवावे: टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, पुढच्या पुलीमागच्या सीलमधून आणि ब्लॉक व बेल हाउसिंगच्या जोडातून. या तीन जागांखाली तपकिरी-काळा तैलरंग जरा चकचकीत राहील असा उतरवावा. धूळ मात्र कोरड्या आणि वरच्या आडव्या पृष्ठभागांवर बसते. काळ्या रानातली माती वाळून धूळ झाली, की राखाडी-तपकिरी दिसते. ती मलमलच्या कापडातून दोनदा गाळली, तर थेट रंगपूड म्हणून वापरता येते. तेल असेल तिथे ती काळी पडून चिकटते, म्हणून तेलाचा हात आधी आणि धूळ नंतर. प्रदर्शनातल्या नव्या गाडीचे इंजिन करायचे असेल, तर हा टप्पा सरळ वगळावा.

चासीत बसवणे

इंजिन चासीत बसवण्यापूर्वी ज्या तारा फायरवॉलकडे जायच्या आहेत, त्यांच्यासाठी फायरवॉलमध्ये छिद्रे पाडून ठेवावीत, नंतर हातड्रिल आत जात नाही. इंजिन टेकूंवर चिकटवल्यावर रेडिएटर जागेवर आणावा आणि रेडिएटरचा होज त्यानंतरच अंतिम मापाने कापावा, कारण किटमधला होज एखाद्या मिलिमीटरने तरी लांब किंवा आखूड पडतोच. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड तार सर्वांत शेवटी टाकावी. त्यासाठी २६ गेजची, म्हणजे ०.४६ मिलिमीटरची तार योग्य. एअर क्लीनर मात्र चिकटवू नये, नुसता ठेवावा. तो उचलल्याशिवाय कार्बुरेटर आणि मागचा डिस्ट्रिब्युटर दिसत नाही, आणि तारांचा क्रम ओळखणारा कोणी आलाच तर त्याला तेच पाहायचे असते.